अमेरिकन अवतरणांचा कोश : माझी पसंती ‘रिस्पेक्टफुली कोटेड’

अवतरणकोश हाती आला की मी आधी वाक्यं वाचत नाही, खालची टीप वाचते. ग्रंथ, साल, पान दिलेलं नसेल तर तो कोश नव्हे, सुविचारांची वही.

या कसोटीवर मला सर्वांत आवडतो १९८९चा ‘रिस्पेक्टफुली कोटेड’. संपादक सुझी प्लॅट, प्रकाशक लायब्ररी ऑफ काँग्रेस. भाषणात वापरायचं वाक्य नेमकं कुणाचं, हे अमेरिकी खासदार तिथल्या संशोधन विभागाला विचारत. त्या शोधांतूनच हा कोश उभा राहिला. मूळ सापडलं नाही, तर तसं स्पष्ट छापलंय! ‘अमेरिका चांगली आहे म्हणून थोर आहे’ या अर्थाचं वाक्य फ्रेंच विचारवंत तोकव्हीलच्या नावावर सर्रास खपतं. आयझेनहॉवर यांनीही १९५२च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात ते वापरलं. तोकव्हीलच्या अमेरिकेवरच्या ग्रंथात मात्र ते नाही, आणि कोशाचा शेराही ‘पडताळा नाही’ असाच.

उणीव एकच, पण मोठी : भर राजकारणावर आहे. सिनेमा, गाणी, जाहिराती यांसाठी फ्रेड शपिरो यांचा २००६चा ‘येल बुक ऑफ कोटेशन्स’ बघा. १८५५पासून चालत आलेला ‘बार्टलेट’ चाळायला छान, पण फक्त अमेरिकेपुरता नाही.

लिंकन किंवा ट्वेनचं वाक्य पुढे पाठवण्याआधी यांपैकी एक कोश जरूर उघडा.