तबकडीवरील नक्कल व मावळची हवा

जुन्या कागदांचें छायाचित्र घेऊन तें संगणकांत घालावें, तेथून सीडीवर किंवा डीव्हीडीवर उतरावें, आणि तबकडीवर रुमालाचा क्रमांक लिहून ती कपाटांत ठेवावी, एवढें झालें म्हणजे दप्तर सुरक्षित झालें, असा समज संग्राहक मंडळींत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दृढ झालेला आहे. कित्येक ठिकाणीं तर तबकडी तयार होतांच मूळ रुमालाविषयींची आस्था कमी होते. तो माळ्यावर जातो, व माळ्यावरून पुढें कोठें जातो हें सांगावयास नको. प्रस्तुत लेखांत तबकडी ही वस्तु काय आहे, ती कशी बिघडते, आणि विशेषेंकरून कुसगांव-लोणावळ्यासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशांत तिची राखण कशी करावी, याचा विचार करावयाचा आहे.

नक्कल ठेवण्याची चाल या मुलुखांत नवी नाहीं. कुसगांवाहून थोड्याच अंतरावर कार्ल्याचें चैत्यगृह आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें वलूरक येथील लेण्यांतील भिक्षूंस करजिक नांवाचा गांव दिल्याचा लेख तेथें आहे; आणि त्याच गांवाविषयीं पुढें सातवाहन राजानें मामालच्या अमात्यास पाठविलेली आज्ञाहि तेथेंच कोरलेली आहे. मामाल म्हणजेच आपलें मावळ. ज्यावर ती आज्ञा प्रथम लिहिली गेली तें साहित्य केव्हांच नाहींसें झालें. भिंतीवरची प्रत सुमारें एकोणीसशें वर्षें टिकली. मराठी राज्यांतील सनदांच्या शेवटीं, या पत्राची प्रत दप्तरीं लिहून घेऊन मूळ पत्र ज्याचें त्यास भोगवट्यासाठीं परत करावें, अशा अर्थाचें कलम असे, हें वाचकांस विदित आहेच. अस्सल एका घरीं, तालीक दुसऱ्या घरीं. एक घर जळालें तरी दुसरें उरे. रियासतकार सरदेसाई १९२५ सालीं बडोद्याच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर याच मावळांत कामशेत येथें येऊन राहिले. त्यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत छापले गेले. त्यांत आलेला एखादा कागद उद्यां मूळ रुमालांतून गहाळ झाला, तरी त्याचें वाचन ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत राहील.

या तिन्ही प्रकारच्या नकला डोळ्यांनीं वाचतां येतात. तबकडी वाचतां येत नाहीं, आणि बहुतेक अनर्थ येथूनच सुरू होतो.

सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. ती १२ सेंटिमीटर व्यासाची व १.२ मिलिमीटर जाडीची असून तिचें अंग पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लास्टिकचें असतें. गाण्यांच्या विकत मिळणाऱ्या तबकडींत सूक्ष्म खळगे साच्यानें उठविलेले असतात. घरीं लिहावयाच्या सीडींत व डीव्हीडींत असे खळगे नसतात. तेथें रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो, व लेखनाच्या वेळीं लेसर किरण तो जागोजाग भाजतो. भाजलेली जागा कोणती व न भाजलेली कोणती, हें मागील धातूच्या थरावरून परतलेल्या प्रकाशावरून ओळखलें जातें. तेव्हां घरीं लिहिलेली तबकडी कार्ल्याच्या लेखाच्या जातीची नसून शाईनें लिहिलेल्या पोथीच्या जातीची आहे, आणि शाईहि कच्ची. आपल्या पोथ्यांची शाई काजळीची. काजळी उन्हानें उडत नाहीं. हें रंगद्रव्य उडतें. पावसाळा सरल्यावर पोथ्यांस ऊन देण्याची आपली जुनी रीत तबकड्यांस कदापि लावूं नये.

रंगद्रव्यें मुख्यतः तीन: सायनिन, थॅलोसायनिन व अझो. पैकीं सायनिन प्रकाशास नाजूक, थॅलोसायनिन अधिक टिकाऊ. धातूचा थर बहुधा चांदीचा असतो, व चांदी गंधकयुक्त हवेनें काळी पडते हें घरांतील भांड्यांवरून सर्वांस ठाऊक आहे. सोन्याचा थर असलेल्या तबकड्याहि निघत. त्या महाग, पण तो दोष त्यांत नसे. सीडीमध्यें हा थर नांव लिहावयाच्या बाजूस असून त्यावर केवळ लाखेसारखा एक पातळ लेप असतो. सबब चकाकत्या बाजूच्या ओरखड्यापेक्षां नांवाच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक, व त्या बाजूवर बॉलपेननें रुमालाचा क्रमांक कोरणारा गृहस्थ आपल्याच हातानें कागद फाडीत असतो. डीव्हीडींत थर दोन पत्र्यांच्या मध्यें सुरक्षित असतो. ब्ल्यू-रे तबकडींत तो वाचण्याच्या पृष्ठभागाखालीं केवळ ०.१ मिलिमीटरावर असतो. परंतु बहुतेक ब्ल्यू-रे तबकड्यांत रंगद्रव्याऐवजीं अजैव पदार्थाचा थर वापरलेला असल्यानें त्या उजेडास दाद देत नाहींत. ज्यांवर एलटीएच अशीं अक्षरें असतात त्यांत मात्र पुन्हां रंगद्रव्यच असतें. त्या घेऊं नयेत. अमेरिकेंतील मिलेनियाटा नामक कंपनीनें दगडासारख्या कठीण थराची तबकडी काढून तिचें आयुष्य हजार वर्षें सांगितलें. हा आंकडा उष्ण व दमट पेटींत थोडे दिवस ठेवलेल्या तबकड्यांवरून गणितानें काढलेला आहे. तबकडी चांगली आहे, व ती अन्य उत्पादकांकडून निघत राहिली. मूळ कंपनीचें दिवाळें २०१६ सालींच वाजलें.

आतां हवेविषयीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक-संस्थेनें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत तबकड्यांसाठीं ४ ते २० अंश सेल्सियस उष्णमान व २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. लोणावळ्यास वर्षाकाठीं सुमारें ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, व तोहि बहुतेक चार महिन्यांत. आषाढ-श्रावणांत कुसगांवच्या घरांत भिंतींस घाम येतो, कातडी बांधणीच्या पुस्तकांवर पांढरी बुरशी चढते. तेथें ५० टक्क्यांची गोष्ट बोलावयासच नको. बुरशी प्लास्टिकास काय करणार, असें कोणी म्हणेल. २००१ सालीं स्पेनमधील शास्त्रज्ञांनीं मध्य अमेरिकेंतील बेलीझ या दमट देशांतून आलेली एक सीडी तपासली, तेव्हां बुरशीनें कडेकडून आंत शिरून ॲल्युमिनियमचा थर व प्लास्टिकहि पोखरल्याचें त्यांस आढळलें. म्हणून मावळांतील संग्राहकानें तबकड्या कठीण डब्यांत घालून उभ्या ठेवाव्या, मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत चळत करून ठेवूं नयेत. डबे घट्ट झांकणाच्या पेटींत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे, आणि त्या पुड्या दर पावसाळ्यापूर्वीं तापवून कोरड्या कराव्या. चिकट कागदाची चिठ्ठी तबकडीवर डकवूं नये. लिहावयाचें तें पाण्याच्या शाईच्या मऊ लेखणीनें, मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावें.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. पोथी बिघडूं लागली कीं दिसतें; कडा झडतात, अक्षर पुसट होतें. तबकडींत प्रत्येक मजकुराबरोबर दुरुस्तीचे जादा अंक लिहिलेले असतात, व कांहीं जागा नष्ट झाली तरी यंत्र त्या अंकांवरून मजकूर भरून काढतें. हा गुण खरा, पण त्यामुळें बिघाड वर्षानुवर्षें झांकलेला राहतो. दुरुस्तीची शक्ति संपली कीं काल वाचलेली फाइल आज मुळींच उघडत नाहीं. दोषांची संख्या मोजणारीं साधनें कांहीं ड्राइव्हांबरोबर मिळतात; तीं वर्षांतून एकदां चालवावीं.

नक्कल मुळाबरहुकूम आहे कीं नाहीं हें पाहण्याचा एक उपाय आपल्या लेखकांस फार पूर्वीं माहीत होता. पोथीच्या शेवटीं ग्रंथसंख्या देत. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून मोजणी करीत, त्यावरून लेखनाचें वेतन ठरे व गळती असल्यास उघडकीस येई. संगणकांत हेंच काम एसएचए-२५६ सारखी गणितरीति करते. कोणत्याहि फाइलीपासून ती ६४ चिन्हांची एक ओळ काढते, व फाइलींतील एक बिंदु बदलला तरी ती ओळ बदलते. जुनी ग्रंथसंख्या एका अक्षराच्या जागीं दुसरें पडल्यास मुकी राहत असे. ही राहत नाहीं. अशा ओळींची यादी तबकडीवर घालावी, शिवाय कागदावर छापून रुमालांत ठेवावी. मूळ प्रत अशुद्ध असल्यास दोष माझा नव्हे, असें लेखक पोथीच्या शेवटीं नम्रपणें लिहून ठेवीत असत. यंत्र तेवढेंहि लिहीत नाहीं. बिघडलेल्या फाइलीची तें हुबेहूब बिघडलेली नक्कल करतें. सबब तपासणी आधीं, नक्कल मागाहून.

किती तबकड्या लागतील याचा अदमास असा. ए-४ आकाराच्या एका पानाचें, इंचास ४०० बिंदूंनीं घेतलेलें, न दाबलेलें रंगीत चित्र सुमारें ४६ मेगाबाइट होतें. अशीं पंधरा चित्रें सीडीवर, शंभर डीव्हीडीवर व पांचशेंच्या वर २५ गिगाबाइटांच्या ब्ल्यू-रेवर मावतात. मोठ्या रुमालास सीडी वापरणें आतां व्यर्थ होय. प्रती तीन असाव्या, त्यांपैकीं एक तबकडीऐवजीं हार्डडिस्कवर, आणि एक निराळ्या गांवीं. कुसगांवच्या संग्राहकाची दुसरी प्रत लोणावळ्यास ठेवण्यांत अर्थ नाहीं, सोलापुराकडील कोरड्या हवेंत आप्त असल्यास तेथें ठेवावी.

तबकड्यांचा बाजारहि आटत चालला आहे. ग्रेटर नोएडा येथें कारखाना असलेली मोझर बेअर कंपनी २०१८ सालीं अवसायनांत गेली. सोनीनें लिहावयाच्या ब्ल्यू-रे तबकड्यांचें उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्यें बंद केलें. नव्या लॅपटॉपांत ड्राइव्ह बहुधा नसतोच. तेव्हां बाहेरून जोडावयाचे दोन ड्राइव्ह आजच घेऊन ठेवावे.

ज्यांच्याजवळ २००० ते २०१० च्या दरम्यान लिहिलेल्या सीडी आहेत, त्यांनीं नव्या तबकड्यांच्या खरेदीपूर्वीं त्या येत्या हिवाळ्यांत, हवा कोरडी असतांना, एकेक करून हार्डडिस्कवर उतरून घ्याव्या. एका ड्राइव्हांत न वाचलेली सीडी पुष्कळदां दुसऱ्यांत वाचते, म्हणून तीन-चार ड्राइव्हांत प्रयत्न केल्यावांचून ती टाकूं नये. ज्यांतील फाइली निघाल्या नाहींत, त्यांच्या क्रमांकांची यादी करून ते रुमाल खालीं काढावे, व त्यांचें छायाचित्रण प्रथम हातीं घ्यावें.