दहापैकी किती?

मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणारी भारत एनकॅप योजना १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात पहिला निकाल लागला, तो टाटांच्या हॅरियर आणि सफारीचा. हॅरियर पिंपरीच्या कारखान्यात तयार होते. योजनेचं कामकाज पाहणारी सीआयआरटी ही संस्था भोसरीत आहे. गाडीही इथली, प्रगतिपुस्तकही इथलंच. पाच ताऱ्यांची बातमी सगळ्यांनी वाचली. ताऱ्यांखालचे दोन आकडे थोड्यांनीच पाहिले असतील. मोठ्यांच्या संरक्षणासाठी ३२ पैकी ३०.०८ आणि लहान मुलांच्या संरक्षणासाठी ४९ पैकी ४४.५४. पाच तारे हवे असतील तर पहिल्यात किमान २७ आणि दुसऱ्यात किमान ४१ गुण लागतात. मोठ्यांच्या खात्यात जास्तीचे गुण पडले म्हणून ते मुलांच्या खात्यात वळवता येत नाहीत.

हा नियम मला वारंवार आठवतो तो व्हिडिओ गेमची परीक्षणं वाचताना. तिथे चित्रं, संगीत, कथा, हातातल्या बटणांना मिळणारा प्रतिसाद, तांत्रिक चुका, किंमत हे सगळं ढवळून शेवटी एक आकडा काढतात. दहापैकी साडेसात. शर्यतीच्या खेळालाही साडेसात, कोड्यांच्या खेळालाही, आणि शंभर तास चालणाऱ्या कथेच्या खेळालाही.

या पद्धतीला आता चाळीस वर्षं होत आली. जपानच्या फामित्सू मासिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी छापतात. पहिले चाळीसपैकी चाळीस मिळाले ते १९९८ मध्ये, झेल्डा मालिकेतल्या 'ऑकारिना ऑफ टाइम' या खेळाला. चार आकडे शेजारीशेजारी दिसत असल्यामुळे एकाला नऊ आणि दुसऱ्याला सहा का वाटले, हा प्रश्न तरी वाचकाच्या मनात यायचा. २००१ मध्ये मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ आलं आणि जगभरच्या परीक्षणांची मिळून शंभरपैकी एक सरासरी मांडू लागलं. कुठल्या प्रकाशनाला किती वजन द्यायचं हे ते स्वतः ठरवतं आणि जाहीर करत नाही.

सरासरी नुसती छापून येते तोवर ठीक. 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा खेळ २०१० मध्ये आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला बोनस मिळणार होता, अट एकच, मेटाक्रिटिकवर ८५ गुण. खेळाला ८४ मिळाले. बोनस गेला, आणि २०१२ मध्ये स्टुडिओच्या एका संस्थापकानंच ही गोष्ट जाहीरपणे सांगितली. आज अनेक जाणकार या खेळाला त्या मालिकेतला सर्वोत्तम मानतात.

'सायबरपंक २०७७' ची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची आहे. डिसेंबर २०२० मध्ये तो बाजारात येण्याआधी परीक्षकांना फक्त पीसीवरची प्रत दिली गेली. महागड्या पीसीवर खेळून त्यांनी भरघोस गुण दिले. लोकांनी तोच खेळ घरच्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर लावला तेव्हा तो अडखळत होता, मध्येच बंद पडत होता. आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढून टाकला. परीक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांचे गुण त्यांच्या यंत्रापुरते खरे होते, आणि ही मर्यादा आकड्यात दिसत नव्हती. चाकणमध्ये सेकंड शिफ्टला निघालेला मुलगा कंपनीच्या बसमध्ये दहा-बारा हजारांच्या फोनवर जो खेळ खेळतो, त्याचं परीक्षण पाऊण लाखाच्या फोनवर झालेलं असतं. फोन किती तापतो, अर्ध्या तासात बॅटरी किती उतरते, तळेगाव-चाकण रस्त्यावर नेटवर्क हलल्यावर डाव टिकतो का, हे त्याचे पहिले प्रश्न आहेत. कमी ताकदीच्या फोनवर नीट चालणं हे फ्री फायरच्या इथल्या लोकप्रियतेचं एक मोठं कारण होतं. दहापैकी गुण देणाऱ्या परीक्षणात ही बाब एखाद्या ओळीत उरकते.

एका आकड्याचं हे दुखणं आपल्या औद्योगिक पट्ट्याला नवीन नाही. भोसरी, तळवडे, चाकणच्या कुठल्याही सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम केलेल्या माणसाला एफएमईए समजावून सांगावा लागत नाही. एखादा भाग कसकसा बिघडू शकतो याची आधीच यादी करायची आणि प्रत्येक बिघाडाला तीन बाबतींत एक ते दहा गुण द्यायचे: बिघाड किती गंभीर, तो किती वेळा घडेल, आणि माल बाहेर जाण्याआधी तो पकडणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार म्हणजे आरपीएन. वर्षानुवर्षं कारखाने याच आकड्यावर ठरवत आले की आधी कशाला हात घालायचा.

आता दोन बिघाड घ्या. एकाची गंभीरता दहा, बाकी दोन्ही बाबतींत दोन-दोन, आरपीएन चाळीस. दुसऱ्याची गंभीरता दोन, घडण्याचे चार, पकडण्याचे पाच. आरपीएन पुन्हा चाळीसच. पहिला ब्रेक निकामी होण्याचा असू शकतो, दुसरा झाकणावरच्या ओरखड्याचा. कागदावर दोघे एकाच पायरीवर. अमेरिकेतली एआयएजी आणि जर्मनीतली व्हीडीए या वाहनउद्योगाच्या संघटनांनी २०१९ मध्ये एकत्र पुस्तिका काढली आणि त्यात आरपीएन सोडून दिला. त्याच्या जागी ॲक्शन प्रायॉरिटी आली: हाय, मीडियम, लो. तीन आकड्यांचा गुणाकार न करता त्यांची जोडणी पाहायची आणि गंभीरतेला आधी मान द्यायचा. ज्या उद्योगात चुकलेल्या आकड्यापायी माणसं मरू शकतात, त्यानं एकत्रित गुण मोडीत काढला. गेमच्या समीक्षेत मात्र तो अजून राज्य करतो. युरोगेमर या ब्रिटिश संकेतस्थळानं २०१५ मध्ये गुण देणं बंद केलं होतं. २०२३ मध्ये तेही पाच ताऱ्यांवर परतलं.

हे सगळं आपल्याच भागात बनलेल्या खेळाला लावून पाहू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात इतर यंत्रांवर. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी ही मंडळी थांबली नाहीत. द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्या वर्षी जे खेळ निवडले गेले त्यांत राजी होता. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी ही डोंबाऱ्याच्या खेळातली कसरतपटू मुलगी. दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत तिची गोष्ट सांगतात.

राजीचे वाडे, गोपुरं, पाण्यावर तरंगणारे प्रासाद पाहताना मी अनेकदा बटण सोडून नुसता पाहत राहिलो. भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं आहेत आणि त्यांतून पुराणकथा उलगडतात. कथेचे दुवे छायाबाहुल्यांनी जोडले आहेत. लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं संगीत त्या जगाला शोभतं. भिंतीवर धावणं, खांबाला गिरकी घेऊन असुरावर झेप टाकणं यात मजा आहे. पण त्रिशूळाचा घाव बसला असं हाताला जाणवत नाही. कॅमेरा लांबून, ठरलेल्या कोनातूनच पाहतो, त्यामुळे गर्दीच्या लढाईत आपणच कुठे आहोत हे हरवतं. आणि शेवट इतका तुटक आहे की पुढचं पान फाटलंय असं वाटतं.

माझ्या हिशेबानं दृश्यकल्पनेला दहापैकी नऊ, हालचालीला सात, लढाईला पाच, कथेच्या शेवटाला चार. सरासरी सव्वासहा. पण सव्वासहाचा असा भाग त्या खेळात कुठेच नाही. सगळं जेमतेम असलेल्या, कुणाची नक्कल करून काढलेल्या खेळालाही सव्वासहाच मिळाले असते. चार आकडे वेगळे ठेवले तर ज्याला सुंदर जगात फिरायचंय तो राजी घेईल, ज्याला दमदार लढाई हवी तो दुसरीकडे जाईल, आणि पुढच्या खेळात कशावर मेहनत घ्यायची हे बनवणाऱ्यांनाही कळेल.

परदेशी परीक्षकांनी राजीच्या चित्रांचं मनापासून कौतुक केलं. पण त्यांच्यापैकी बहुतेकांना ते जगच नवं होतं. नवलाई आणि कसब वेगळं करायला लागणारी ओळख त्यांच्याकडे असणं अवघड. मराठी समीक्षक इथे पुढचे प्रश्न विचारू शकतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. त्या परंपरेत बाहुलीची हालचाल आणि निवेदन यांचं जे नातं असतं ते राजीत आहे का, की छाया फक्त सजावटीपुरती आली आहे? मला ती सजावटीपेक्षा बरीच जास्त वाटली, पण निवेदकाच्या आवाजाची तिला साथ कमी पडली. नाटक आणि संगीताबद्दल इतक्या बारकाईनं लिहिणाऱ्या मराठीत हे लेखन व्हायला हवं. आपल्या वर्तमानपत्रांत गेम येतो तो मुलाचं व्यसन, फसवणूक किंवा आत्महत्येच्या बातमीतून. त्या बातम्या खऱ्या आहेत आणि त्या द्यायलाच हव्यात. पण कुठला खेळ मुलाला काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो, हे ठरवायला आईवडिलांच्या हाती दुसरं काहीच नसतं.

युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंनी हाती घेतलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' च्या नव्या आवृत्तीचं उदाहरण वेगळ्याच टोकाचं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये काही मिनिटांची झलक दाखवली गेली, चित्रं जुनाट दिसतात म्हणून टीका झाली, तारीख पुढे गेली, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं. २००३ च्या मूळ खेळाचा जीव काळ मागे फिरवण्याच्या युक्तीत होता. पुण्या-मुंबईतल्या मंडळींनी ती कशी साधली होती, हे खेळाडूंना कधी हातात घेऊन पाहता आलंच नाही. निकाल लागला तो चेहऱ्यांच्या चित्रांवर.

पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' हा बॅटल रॉयल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्याला राजीचं माप लावणं अन्याय्य होईल. इथे कथा दुय्यम. महत्त्वाचं हे की डाव भरायला किती वेळ लागतो, चिटर किती भेटतात, नव्या खेळाडूची गाठ लगेच मुरलेल्यांशी पडते का. असा खेळ दर अपडेटला बदलतो, तेव्हा पहिल्या आठवड्याचे गुण वर्षभर टिकत नाहीत; परीक्षणावर तारीख आणि आवृत्ती हवी, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा लिहायला हवं. इंडसमधली एक कल्पना मला मनापासून आवडते. डावाच्या शेवटाकडे कॉस्मियम नावाचं द्रव्य प्रकटतं आणि ते ताब्यात घेणारा जिंकतो. गवतात लपून बाकीचे मरायची वाट पाहणाऱ्याला त्यामुळे बाहेर यावंच लागतं.

आणि नवी मुंबईच्या गेमटिऑनचा 'लुडो किंग'? २०१६ चा हा खेळ २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. चित्रांसाठी त्याला कोणी पुरस्कार देणार नाही. पण आकुर्डीतली आजी आणि परदेशातली नात एका पटावर बसू शकतात का, चष्मा न लावता सोंगटी दिसते का, फासा खरोखर नशिबाचा आहे का, डाव मध्ये तुटला तर परत जोडता येतो का, हे त्याचे निकष. पहिल्या दोन्हींत मी त्याला दहापैकी नऊ देईन. जाहिरातींच्या माऱ्यासाठी तीन.

पैशाचा रकाना तर सगळ्याच प्रकारांत वेगळा हवा. युरोपातली पेगी ही वयोगट ठरवणारी व्यवस्था २०१८ पासून खेळात खरेदी असल्याची आणि २०२० पासून नशिबावर मिळणाऱ्या वस्तू विकल्या जात असल्याची सूचना वेष्टनावर छापायला लावते. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशांचे खेळ अशी विभागणी केली आणि तिसऱ्यावर बंदी घातली. जुगार कुठला हे त्यानं सांगितलं. पहिल्या दोन रकान्यांत उरलेल्या हजारो खेळांपैकी मुलाच्या फोनवर कुठला असावा, त्यात बंदुकीच्या रंगासाठी महिन्याला किती रुपये जातात आणि सोनेरी पेटीतून हवी ती वस्तू निघण्याची शक्यता किती लिहिली आहे, हे तपासून मराठीत छापण्याचं काम समीक्षकाचं आहे, आणि ते इथे, जिथे हे खेळ बनतात आणि खेळले जातात, तिथेच सुरू करता येईल.