गोठलेले भाडे आणि मुंबईचे घरमालक

घरे बांधून ती भाड्याने देणे हा मुंबईत एकेकाळी प्रतिष्ठेचा व्यवसाय होता. गिरगाव, परळ, लालबाग येथील अनेक चाळी त्यातूनच उभ्या राहिल्या. या व्यवसायातील भांडवल आटण्यामागे इतर कारणे असली, तरी भाडे नियंत्रणाचा वाटा फार मोठा आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ‘प्रमाण भाडे’, म्हणजे मालकाला घेता येणारे कमाल भाडे, ठरवून दिले आणि जी जागा १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने दिलेली होती तिच्यासाठी त्या दिवशीचे भाडेच प्रमाण मानले. युद्धकाळातील टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे रास्तच होते. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला, आणि गवंड्याची मजुरी, सिमेंट व करांचा बोजा वाढत असताना भाडे मात्र जवळपास जागचे हलले नाही. साहजिकच डागडुजी थांबली. अखेर १९६९च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा मुंबईच्या बोलीत रुळलेला शब्दप्रयोग तेव्हापासूनचा.

कायद्याने दाबलेली किंमत पगडीच्या रूपाने वर आली. भाडेहक्क हस्तांतरित होताना घेतली जाणारी ही ठोक रक्कम आधी बेकायदेशीर होती, तरी ती सर्रास घेतली जाई. भाडेकरार टाळण्यासाठी मालकांनी ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे जागेत हितसंबंध निर्माण न करता केवळ वापराची परवानगी देण्याचा मार्ग काढला, तेव्हा १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी रोजी जागेत राहत असलेल्या परवानाधारकांना थेट भाडेकरूचा दर्जा दिला. जागा दिली की गेली, ही धास्ती मालकांच्या मनात पक्की बसली, आणि अनेकांना कुलूप लावलेले घर भाड्याच्या घरापेक्षा सुरक्षित वाटू लागले.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले प्रमाण भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. पुढे ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पगडीला मान्यता दिली, भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली, लेखी करार व त्याची नोंदणी मालकावर बंधनकारक केली आणि बँका तसेच एक कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना भाडेकरू म्हणून मिळणारे संरक्षण काढून घेतले. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद कलम २४ची आहे: मुदत संपूनही परवानाधारक जागा सोडत नसेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट शुल्क वसूल करता येते. सदनिका विकत घेऊन ती अकरा महिन्यांच्या कराराने देण्याची आजची पद्धत या कलमावर विसंबून आहे. भाड्यासाठी नवी चाळ बांधण्याचा विचार मात्र कोणी करत नाही.

जुन्या इमारतींचा गुंता याहून अवघड आहे. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये घातलेल्या आठ-अ प्रकरणानुसार सत्तर टक्के रहिवाशांच्या मागणीवरून सरकारला इमारत संपादित करता येते, आणि त्यासाठी भरपाई ठरते ती मासिक भाड्याच्या शंभरपट, म्हणजे कायद्यानेच गोठवलेल्या आकड्यावर. या तरतुदीविरुद्ध मालकांनी लढवलेल्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचे भौतिक संसाधन ठरत नाही, असा निर्णय बहुमताने दिला. मात्र शंभरपटीच्या त्या हिशेबाच्या वैधतेचा फैसला त्या निकालात झाला नाही.