रिळाच्या कडेची फडफड (लेखांक ९)

‘डेकेशिया’ या चित्रपटावरचा माझा लेख वाचून सोलापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे : त्याचा दिग्दर्शक बिल मॉरिसन याच्याच ‘डॉसन सिटी : फ्रोझन टाइम’मध्ये (२०१६) चित्राच्या दोन्ही कडांना सतत पांढरी फडफड दिसते, ती संगणकावरची करामत आहे का?

अजिबात नाही. ती पाण्याची खूण आहे, आणि तिच्यामागची हकिकत पूर्ण लेखाच्या योग्यतेची आहे.

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातलं डॉसन हे सोन्याच्या शोधात वसलेलं गाव. चित्रपट-वितरणाची वाट इथे संपायची. मूकपट येऊन पोचायचे ते दोन-तीन वर्षांनी. तोवर ते इतके शिळे झालेले असत की परतीचं भाडं भरायला वितरक तयार नसत. रिळं स्थानिक बँकेच्या ताब्यात राहिली आणि ग्रंथालयाच्या तळघरात साठत गेली. पुढे बरीचशी नदीत फेकली गेली, बरीचशी जाळली गेली. काही शेकडो वाचली ती मात्र हॉकीमुळे! तिथे बर्फावरच्या हॉकीचं मैदान पोहण्याच्या तलावावरच तयार केलं जाई आणि मध्यभागी ते सपाट राहत नसे, म्हणून तलाव बुजवायचं ठरलं. बँकेतला एक कर्मचारी हॉकी मंडळाचा खजिनदारही होता. १९२९ मध्ये तलाव बुजवताना त्याने भर म्हणून ही रिळं दिली.

१९७८ मध्ये नव्या इमारतीसाठी खोदकाम सुरू झालं आणि मातीबरोबर रिळं वर आली. ५३३ रिळं वाचवता आली. ही रिळं नायट्रेट फिल्मची, म्हणजे भयंकर ज्वालाग्राही, त्यामुळे ती ओटावाला नेली हवाई दलाच्या विमानाने.

आता कडांकडे वळू. रीळ घट्ट गुंडाळलेलं असलं की ओल दोन्ही बाजूंनी आत शिरते. पट्टीवर चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो; तो भिजला की सुटू लागतो. म्हणून चौकटीच्या कडा जातात, पण मधला चेहरा शाबूत राहतो. ओल प्रत्येक वेढ्यात सारखीच खोल गेलेली नसते, त्यामुळे पट्टी धावू लागली की डाग फडफडतात. जाणकार याला ‘डॉसन फ्लटर’च म्हणतात.

मॉरिसनचं खरं कसब पुढेच आहे. त्याने हे डाग पुसले नाहीत आणि निवेदकही जवळजवळ वापरला नाही. पडद्यावरच्या ओळी, अ‍ॅलेक्स सॉमर्सचं संगीत आणि मुख्यतः ही रिळं. गावातल्या जुगाराबद्दल सांगायचं, तर सापडलेल्या मूकपटांतलेच जुगारी पडद्यावर येतात. डॉसनचा इतिहास डॉसनने पुरलेली चित्रंच सांगतात.

त्यांत एक वृत्तचित्रही होतं. १९१९ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे शिकागोच्या खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप झाला ती मालिका. रीळ सापडून साडेतीन दशकं झाल्यावर, २०१४ मध्ये, त्यात काय आहे ते जगाला कळलं. मॉरिसनच्या चित्रपटात ती दृश्यं आहेत.