एका पेशीतून आतडे

पिकांच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. त्याच वर्गातील, परंतु जिवाणूंवर जगणारा व पिकांस निरुपद्रवी असा एक कृमी ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ या नावाने ओळखला जातो. लांबी जेमतेम १ मिलिमीटर. शरीर पारदर्शक असल्याने भ्रूणातील प्रत्येक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळता येते. जॉन सल्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या भ्रूणाची संपूर्ण पेशी-वंशावळ प्रसिद्ध केली. कृमीच्या आतड्यातील सर्व २० पेशी एकाच पेशीची संतती आहेत, असे तीत दिसते.

आपल्यापासून आतडेच व्हावयाचे, हे त्या पेशीस कळते कसे?

पहिला निर्देश मातेचा. ‘एसकेएन-१’ या जनुकाचा संदेश माता अंड्यातच ठेवून देते. त्यापासून बनणारे प्रथिन नसेल, तर आतड्याच्या जागी त्वचेच्या पेशी निपजतात. मात्र एवढ्याने भागत नाही. चार पेशींच्या अवस्थेत आतड्याची पूर्वज पेशी शेजारच्या पेशीपासून वेळीच अलग केल्यास आतडे तयार होत नाही, असे बॉब गोल्डस्टीन यांनी १९९२ मध्ये प्रयोगाने दाखविले. म्हणजे मातेच्या शिदोरीला शेजाऱ्याच्या इशाऱ्याची जोड लागते.

यानंतर भ्रूणाची स्वतःची जनुके कामास लागतात. ‘एंड-१’ व ‘एंड-३’ ही अल्पकाळ जागृत होऊन ‘ईएलटी-२’ या जनुकास चालना देतात आणि शांत होतात. हंगामी नेमणूक संपावी व कायम अधिकारी रुजू व्हावा, तसाच हा प्रकार! ‘ईएलटी-२’ पुढे आयुष्यभर स्वतःला जागृत ठेवते. प्रयोगशाळेत ते साऱ्या भ्रूणात जागृत केले असता इतर पेशींतही आतड्याचे गुण उमटले.

ग्रसनीची, म्हणजे कृमीच्या घशाची, कथा निराळी आहे. तिच्यात स्नायू, मज्जापेशी, ग्रंथी असे नाना प्रकार असून त्या पेशी भ्रूणातील दोन वेगळ्या कुळांतून येतात. त्यांस एका अवयवात गोवणारे जनुक ‘पीएचए-४’ होय. ते निकामी असल्यास कृमी अंड्यातून बाहेर येतो, परंतु ग्रसनीच नसल्याने त्याला अन्न घेता येत नाही व तो लवकरच मरतो. याच जनुकाशी नाते सांगणारी ‘फॉक्स-ए’ जनुके मानवी भ्रूणात अन्नमार्ग, यकृत व फुप्फुसे यांच्या घडणीत भाग घेतात.