दाढ सरकारीत दाखवावी की खासगीत?

दाढ ठणकायला लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘सिव्हिलला जा, केसपेपर काढ, फुकटात होईल.’ दुसरा म्हणतो, ‘तिथे नुसती उपटून देतात, चौकातल्या डॉक्टरांकडे जा.’ या भांडणात दाढ बाजूला राहते आणि माणूस मेडिकलमधून गोळी आणून आणखी चार महिने काढतो. दोन्ही पक्षांच्या बोलण्यातले ऐकीव किती आणि खरे किती, ते एकदा पाहून घेऊ.

‘सरकारीत फक्त दात उपटतात.’

सरकारी दवाखाने सगळे एका जातीचे नाहीत. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्ह्याचे सिव्हिल ही सार्वजनिक आरोग्य विभागाची. तिथे दंतशल्यचिकित्सक असला तरी बहुतेकदा खुर्ची एक आणि रांग मोठी. दात काढणे, साफ करणे, सिमेंट भरणे ही कामे होतात. रूट कॅनाल होईल की नाही, हे तिथल्या एक्स-रे मशीनवर आणि साहित्यावर अवलंबून. ‘उपटतात’ ही तक्रार इथून आली आहे आणि ती अगदीच निराधार नाही.

शासकीय दंत महाविद्यालयाचे रुग्णालय ही वेगळी गोष्ट. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात ते आहे, नागपुरात आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय महापालिकेचे. त्याची सुरुवात 1933 सालची. गोव्यात बांबोळीला आहे. इथे रूट कॅनालचा विभाग वेगळा, हिरड्यांचा वेगळा, कवळीचा वेगळा, जबड्याच्या शस्त्रक्रियेचा वेगळा. चौकातल्या दवाखान्यात यातले तज्ज्ञ वार ठरवून येतात. इथे ते एकाच इमारतीत रोज असतात.

‘सरकारी म्हणजे फुकट.’

अर्धे खरे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. दंत महाविद्यालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, नायर महापालिकेकडे. तिथे शुल्क लागते. बाहेरच्या मानाने ते बरेच कमी असते. कॅप किंवा कवळी करायची असेल, तर आधी एकूण किती पैसे लागतील ते विचारून घ्यावे.

पण शुल्कापेक्षा मोठा खर्च खिडकीवर दिसत नाही. महाविद्यालयात एका रूट कॅनालसाठी तीन-चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला निम्मा दिवस जाऊ शकतो. रोजंदारीवरच्या माणसाची तेवढी मजुरी बुडाली, वर एसटीचे भाडे लागले, की स्वस्त काम तितके स्वस्त राहत नाही. उलट निवृत्त माणसाला पूर्ण कवळी करायची असेल, तर वेळ हाताशी असतो आणि वाचणारी रक्कम मोठी असते. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या कामाचा विचार करून मांडायचा आहे.

‘शिकाऊ पोरं आपल्या तोंडावर हात साफ करतात.’

बीडीएसचा विद्यार्थी पहिली दोन वर्षे रुग्णाला हात लावत नाही. पुतळ्याच्या जबड्यावर आणि काढलेल्या दातांवर सराव करतो. तिसऱ्या वर्षापासून रुग्ण पाहतो, तेही शिक्षकाच्या देखरेखीखाली. रूट कॅनालच्या किंवा सर्जरीच्या विभागात आपल्याला भेटणारा ‘शिकाऊ’ तर पुष्कळदा एमडीएस करणारा असतो, म्हणजे तो आधीच बीडीएस झालेला डॉक्टर. बाहेर स्वतःचा दवाखाना टाकायला लागणारी पदवी त्याच्याकडे असतेच.

त्याचा हात सावकाश चालतो, हे खरे. एक्स-रे काढून सरांना दाखवायचा, सर दुसऱ्या खुर्चीजवळ असतील तर थांबायचे. आपण तोंड उघडे ठेवून छताकडे बघत बसतो आणि कंटाळतो. तेवढ्याच कामावर दुसऱ्या अनुभवी डोळ्यांची नजर फिरते, हा त्याचा फायदा. चौकातल्या दवाखान्यात तो सहसा मिळत नाही.

‘दवाखाना चकाचक, म्हणजे हत्यारे स्वच्छ.’

फरशीवरून हत्यारांची परीक्षा होत नाही. दातांची हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करावी लागतात: 121 अंशांना साधारण पंधरा मिनिटे किंवा 134 अंशांना काही मिनिटे. नुसते उकळत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवून ते काम होत नाही. हत्यारांची पाकिटे आपल्यासमोर फोडतात का, हातमोजे बदलतात का, हे सरकारीतही पाहावे आणि खासगीतही. विचारायला लाजू नये. नीट काम करणाऱ्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

‘खासगीवाले लुटतात.’

काही जण लुटतात, पण दर जास्त असणे म्हणजे लूट नव्हे. खुर्ची, एक्स-रे, जागेचे भाडे, लॅबचे बिल हे सगळे त्या डॉक्टरला रुग्णाकडूनच भरून काढायचे असते. बदल्यात संध्याकाळची वेळ मिळते, रविवारी फोन उचलला जातो, आणि पुष्कळदा रूट कॅनाल एकाच बैठकीत उरकते. योग्य दाढ निवडली असेल तर एका बैठकीतल्या आणि अनेक बैठकांतल्या रूट कॅनालच्या यशात मोठा फरक आढळलेला नाही. ज्याला रजा मिळत नाही, त्याने खासगीत जाऊन पैसे मोजले तर तो काही मूर्ख ठरत नाही.

खटकते ते मोघम बिल. खर्चाचा अंदाज कागदावर मागा, कॅप कशाची ते विचारा. मागच्या दाढेला धातूची कॅप उत्तम चालते. झिर्कोनियाची दिसायला सुरेख, पण तिथे दिसण्याला किती किंमत द्यायची ते आपण ठरवायचे. पाच-सहा दातांचे काम एकदम सांगितले आणि मनाला पटले नाही, तर तो एक्स-रे घेऊन दंत महाविद्यालयात केसपेपर काढा. दुसरे मत इतके स्वस्त कुठेच मिळत नाही, आणि ते घेऊन काम पुन्हा पहिल्याच डॉक्टरकडे करायला कोणी बंदी केलेली नाही. खासगी दंत महाविद्यालयांची रुग्णालये ही मधली वाट. विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण हवे असतात, म्हणून तिथले दर कमी ठेवलेले असतात.

स्वस्त म्हणून रस्त्याकडेला ‘फिक्स दात’ बसवणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळून त्यावर प्लास्टिक ओततात. ते पुढे काढता येत नाही, खाली अन्न कुजते आणि चांगले दातही जातात.

‘मेडिक्लेम आहे ना!’

साध्या पॉलिसीत अपघाताने झालेली इजा सोडली तर दातांचे काम बहुधा बसत नाही. मात्र पगारातून ईएसआयसी कापली जात असेल, तर त्यांच्या दवाखान्यात दातांचे उपचार मिळतात. वर्षानुवर्षे वर्गणी भरूनही तिकडे न फिरकणारे पुष्कळ आहेत.

‘दुखायचे थांबले, बरी झाली.’

किडलेली दाढ ठणकून ठणकून आपोआप शांत झाली, तर बहुधा आतली नस मेली. जंतू आतच असतात आणि मुळाशी पू साठत जातो. सिमेंट भरून भागले असते तिथे आता रूट कॅनाल आणि कॅप. सरकारी की खासगी हा घोळ घालण्यात जे महिने जातात, त्यांची किंमत दोन्हीकडच्या दरांतल्या फरकापेक्षा जास्त भरते.

तरीही दोन प्रसंगी माझे मत ठाम आहे. जबड्याखाली सूज, ताप आणि गिळायला त्रास, असे एकत्र आले तर छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नये. अॅडमिट करून घेणारे आणि तोंडाचे सर्जन असलेले मोठे रुग्णालय त्याच दिवशी गाठावे. सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडतो.

दुसरा प्रसंग मिश्री, तंबाखू, गुटखा, सुपारी यांचा. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तो कुठे मिळतो हे सांगायला नको. तिखट झोंबू लागले, तोंडात एकावर एक उभी तीन बोटे मावेनाशी झाली, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर दंत महाविद्यालयात जावे. तिथले डॉक्टर असे चट्टे रोज पाहतात, गरज पडली तर तिथेच तुकडा काढून तपासतात आणि पुढे कुठे जायचे तेही सांगतात. कवळी, कॅप, साफसफाई कुठे करायची ते सवडीने ठरवा. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नसेल, तर उद्या सकाळच्या ओपीडीला जा.