उजनीकाठच्या पंपांचे दाब-संरक्षण आणि दुर्मीळ सुटे भाग

पुणे-सोलापूर महामार्गावरील भिगवण हे इंदापूर तालुक्यातील गाव उजनी धरणाच्या फुगवट्यालगत वसलेले असून तेथील मासळीबाजार आणि हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी यांमुळे ते महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु या परिसरातील शेती ज्या यंत्रावर अवलंबून आहे ते यंत्र म्हणजे जलाशयाच्या काठावर बसवलेला विद्युत पंप होय. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि यशवंतसागर जलाशयाच्या दोन्ही तीरांवर उपसा सिंचनाच्या आधाराने उसाचे क्षेत्र विस्तारले. उन्हाळ्यात पाणी मागे हटू लागले की शेतकऱ्यांना मोटारी, पाइप आणि केबल पाण्यापाठोपाठ पुढे न्याव्या लागतात, त्यामुळे केबलची लांबी वाढते, टोकाला पोहोचणारा विद्युत दाब घटतो आणि उघड्या माळावर पसरलेल्या तारा वळवाच्या विजांच्या टप्प्यात येतात. अशा स्थितीत मोटार वाचवणारा स्टार्टरच्या पेटीतील छोटा भाग वेळेवर आणि योग्य प्रतीचा मिळणे हा उत्पन्नाशी थेट जोडलेला प्रश्न ठरतो.

या भागांचे कार्य समजून घेण्यासाठी दाबाच्या दोषांचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला प्रकार काही सेकंदांपासून तासन्‌तास टिकणारा असतो. डीपीवरील, म्हणजे वितरण रोहित्रावरील, एक फ्यूज उडून फेज गेला, तर चालू असलेली तीन फेजची मोटार उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, तिचा प्रवाह सुमारे १.७३ पट होतो आणि वेटोळे तापून जळते. न्यूट्रलची तार तुटली, तर २३० व्होल्टच्या उपकरणावर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. दुसरा प्रकार मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत, येऊन जातो. वीज जवळपास कोसळली किंवा मोठा भार एकाएकी तोडला गेला, की तारेवर हजारो व्होल्टची लाट उठते. पहिल्या दोषावर उपाय म्हणजे फेज आणि दाब सतत मोजून कॉन्टॅक्टर सोडवणारा रिले, ज्याला शेतकरी प्रिव्हेंटर म्हणतात. दुसऱ्यावर उपाय म्हणजे व्हॅरिस्टर, वायुनलिका आणि विशिष्ट डायोड. एकाचे काम दुसऱ्याकडून करवून घेण्याचा प्रयत्न केल्यास दोन्ही निकामी होतात, कारण रिले मायक्रोसेकंदांत हलू शकत नाही आणि व्हॅरिस्टर मिनिटभर वाढीव दाब सोसू शकत नाही.

यांपैकी व्हॅरिस्टर ही झिंक ऑक्साइडची चकती असते. जपानमधील मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिचा शोध लावला. झिंक ऑक्साइडच्या भुकटीत बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज अशा ऑक्साइडांचे अल्प प्रमाण मिसळून ती हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजली, की तिच्यात सूक्ष्म स्फटिककण तयार होतात आणि शेजारच्या दोन कणांमधील सीमा सुमारे ३ व्होल्टपर्यंत प्रवाह अडवून धरते. ४७० व्होल्टच्या चकतीत अशा सुमारे दीडशे सीमा ओळीने उभ्या असतात. दाब त्यापलीकडे गेला, की सर्व सीमा एकदम वाहक होतात आणि लाटेचा प्रवाह मोटारीऐवजी चकतीतून जातो. हेच तत्त्व मोठ्या आकारात वीजवाहिन्यांवरील लाइटनिंग अरेस्टरमध्ये वापरले जाते आणि असे अरेस्टर पूर्वीच्या क्रॉम्प्टन ग्रीव्हज कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात तयार होत आले आहेत.

चकतीवरील अंक हीच तिच्या खरेदीची किल्ली आहे. ‘१४डी४७१के’ या खुणेत १४ म्हणजे चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये, ४७१ म्हणजे ४७ पुढे एक शून्य, अर्थात एक मिलिअँपिअर प्रवाहाला ४७० व्होल्ट, आणि ‘के’ म्हणजे दहा टक्के कमी-अधिक असा अर्थ होतो. अशी चकती सतत ३०० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबावर ठेवता येते. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बसवण्यासाठी, जेथे दाब वारंवार वर-खाली होतो अशा ग्रामीण वाहिनीवर, ३२० किंवा ३८५ व्होल्टची, म्हणजे ५११ वा ६२१ खुणेची, चकती अधिक टिकते. दोन फेजांच्या मध्ये मात्र ५१० व्होल्टची, ८२१ खुणेची, चकती लागते. प्रत्येक चकतीच्या ओळीत फ्यूज असणे आवश्यक आहे, कारण, उदाहरणार्थ, न्यूट्रल तुटल्यावर फेज-न्यूट्रलमधील चकती तापून पेट घेऊ शकते.

साध्या चकतीची किंमत काही रुपयांपासून सुरू होते. महाग आणि दुर्मीळ ठरतात ते मोठ्या व्यासाचे ठोकळे, उष्णतेने स्वतःहून तुटणारे संरक्षित व्हॅरिस्टर, पेटीत बसणाऱ्या सर्ज संरक्षकांची, म्हणजे लाट रोखणाऱ्या उपकरणांची, बदलता येणारी काडतुसे आणि कारखान्यांतील मोटारींचा वेग नियंत्रित करणाऱ्या ड्राइव्हमध्ये वापरले जाणारे, उत्पादन बंद झालेले भाग. भिगवणजवळचा कागद कारखाना, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि परिसरातील साखर कारखाने यांच्याकडे खरेदी विभाग असल्याने ते अधिकृत वितरकांकडून माल मागवू शकतात. पंपाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या गावातील कारागिराला मात्र पुण्याची बुधवार पेठ आणि तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गाठावा लागतो. उत्पादक हजारांच्या रिळांत माल विकतात, कारागिराला पाच-दहा नग हवे असतात. हे अंतर मधला व्यापारी भरून काढतो, परंतु त्याबरोबर किंमत वाढते आणि मालाचा उगम धूसर होतो. २०२० नंतरच्या दोन वर्षांत जगभर अर्धवाहक भागांचा तुटवडा पडला तेव्हा हे अंतर आणखी रुंदावले.

नेमका भाग मिळत नसेल तेव्हा पर्याय निवडण्याचे नियम आहेत. दाबाचा अंक तोच ठेवून मोठ्या व्यासाची चकती लावता येते, लहान व्यासाची लावू नये. ५१० व्होल्टची चकती उपलब्ध नसेल तर त्याच व्यासाच्या, २७५ व्होल्टच्या दोन चकत्या एकामागोमाग जोडल्यास ५५० व्होल्टची क्षमता मिळते, कारण ओळीत जोडलेल्या चकत्यांचे दाब बेरजेने वाढतात. समांतर जोडणीत मात्र ज्या चकतीचा दाब किंचित कमी असेल ती बहुतेक प्रवाह स्वतःकडे ओढून घेते आणि आधी फुटते. म्हणून कारखान्यात जुळवून न घेतलेल्या चकत्या समांतर लावणे टाळावे. जुन्या सर्किट बोर्डावरून काढलेली चकती वापरणेही अयोग्य आहे, कारण प्रत्येक मोठी लाट तिला थोडी झिजवते आणि ही झीज बाहेरून दिसत नाही. काढलेल्या भागांवर नवी छपाई करून ते विकण्याचा धंदा जागतिक आहे. अमेरिकी सिनेटच्या एका समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात संरक्षण साहित्यात शिरलेल्या संशयित बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदवली होती.

योग्य भाग मिळाल्यानंतरही जोडणीवर फळ अवलंबून असते. एक मीटर तारेचे प्रेरकत्व सुमारे एक मायक्रोहेन्री असते. त्यातून ८ मायक्रोसेकंदांत ३,००० अँपिअरपर्यंत चढणारी लाट गेली, तर त्या एका मीटरवरच सुमारे ३७५ व्होल्ट उभे राहतात आणि चकतीने रोखलेल्या दाबात त्यांची भर पडते. म्हणून चकतीच्या तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्या लागतात आणि आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे अर्थिंग करावे लागते. काठ सरकताना पेटीसोबत अर्थिंगची सळईही नव्या ओल्या जमिनीत रोवली गेली नाही, तर महागडा संरक्षकही निरुपयोगी ठरतो. सौर पंपांच्या प्रसारामुळे या ज्ञानाची व्याप्ती वाढली आहे, कारण पॅनेलकडून येणारा दाब एकदिश असतो, तो क्षणोक्षणी शून्यावर येत नाही, परिणामी त्यात पडलेली ठिणगी आपोआप विझत नाही आणि प्रत्यावर्ती दाबासाठीचा संरक्षक तेथे चालत नाही.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष व्यवहार्य आहे. परिसराला लागणाऱ्या दाब-संरक्षक भागांचे प्रकार मोजके आहेत आणि त्यांची खुणेनुसार यादी करता येते. सहकारी संस्था ज्या पद्धतीने खत आणि बियाणे हंगामाआधी एकत्र मागवतात त्याच पद्धतीने हे भाग वळवाच्या आधी अधिकृत वितरकाकडून, बिलासह, एकत्रित मागवून तालुक्यात साठवता येतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी चकतीवरील अंक वाचणे, एक मिलिअँपिअरवर तिचा दाब तपासणे आणि पर्यायाची निवड करणे हे विषय प्रात्यक्षिकात आणावेत. इंदापूर आणि बारामती या तालुक्यांत सहकाराची परंपरा जुनी आणि सक्षम आहे. मोटारीच्या एका रिवायंडिंगच्या खर्चात अशा शेकडो साध्या चकत्या येतात हे लक्षात घेऊन तेथील संस्थांनी हे काम येत्या वळवापूर्वी हाती घ्यावे.